तुम्ही काम काय करता?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय ‘कंपवात : संशोधन आणि उपचार’. कंपवात म्हणजे काय, हे या सभागृहात नव्यानं सांगायला नको. मेंदूत खोलवर काळपट पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन तयार करतात. त्या मरू लागल्या की हात थरथरतो, चाल मंदावते, अंग ताठरतं, अक्षर बारीक होत जातं. जेम्स पार्किन्सननं १८१७ मध्ये हा आजार लिहून ठेवला. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियासनं लेव्होडोपा या औषधाचा डोस हळूहळू पण हिमतीनं वाढवत नेला आणि जागेवर खिळलेली माणसं चालू लागली. इथवर तुम्हाला ठाऊकच आहे. पुढच्या दोन रांगांत काहींच्या खिशात ती गोळी आत्ताही असेल. (हशा) आठची गोळी असेल तर आठलाच घ्या, माझं भाषण संपायची वाट बघू नका. (हशा)

आज मला बोलायचंय ते कॅलिफोर्नियातले न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांच्याविषयी. माझं एक ठाम मत आहे. रुग्णाला आपण ‘काय होतंय?’ असं विचारतो, तसंच ‘काम काय करता, कुठे राहता, हाताळता काय?’ हेही विचारलंच पाहिजे. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं हे १७०० सालीच बजावून ठेवलंय. लँगस्टन यांची सगळी कारकीर्द म्हणजे या मताचा पुरावा आहे.

जुलै १९८२. सॅन होजे शहरातलं सरकारी रुग्णालय. बेचाळीस वर्षांचा एक माणूस आणला गेला. हालत नाही, बोलत नाही, डोळे उघडे. मनोविकार आहे की मेंदूचा आजार, यावर डॉक्टरांत वाद. तेवढ्यात त्याची बोटं किंचित हलताना दिसली. हातात पेन्सिल दिली. फार सावकाश, पण त्यानं लिहिलं! बुद्धी पूर्ण शाबूत होती, शरीर तेवढं आज्ञा पाळत नव्हतं. लँगस्टन यांनी तपासलं तर चित्र हुबेहूब कंपवाताचं. पण कंपवात येतो वर्षानुवर्षांच्या पावलांनी. हा आला होता काही दिवसांत.

मग कळलं की त्याच्या मैत्रिणीचीही तीच गत आहे. शेजारच्या वॉटसनव्हिल गावात डॉ. जेम्स टेट्रूड यांच्याकडे दोन सख्खे भाऊ तसेच गोठलेले. दोघे विशीतले! विशीत कंपवात, तोही दोन भावांना एकदम? इथे कुठलाही डॉक्टर आधी आनुवंशिकतेकडे वळेल. या मंडळींनी विचारलं, ‘घेत काय होतात?’ सगळ्यांचं उत्तर एकच. बाजारात नव्यानं आलेलं कृत्रिम हेरॉइन.

ही गोष्ट मी पाच मिनिटांत सांगणार होतो. आयोजक घड्याळ बघताहेत, पण आता मधेच सोडता येत नाही. (टाळ्या)

शोध घेता घेता १९७९ चा एक जुना लेख सापडला. मेरीलँडमधल्या तेवीस वर्षांच्या एका रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानं १९७६ मध्ये स्वतःच असं द्रव्य बनवून टोचून घेतलं आणि तो ताठरला. त्यानं घाईत कृती बदलली होती आणि त्यातून एक भेसळ तयार झाली होती. तिचं नाव एमपीटीपी. पुढे तो वेगळ्या कारणानं वारला. शवविच्छेदनात त्या काळपट पेशी नष्ट झालेल्या दिसल्या. मग हे द्रव्य उंदरांना टोचलं, तर त्यांना काहीच झालं नाही. संशय तिथेच थांबला. कॅलिफोर्नियातल्या त्या पुडीत तेच एमपीटीपी निघालं. माकडांना दिल्यावर माकडं गोठली. १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये लँगस्टन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि आमच्या क्षेत्राची दिशाच बदलली.

हे द्रव्य मेंदूत शिरतं, तिथलं एक विकर त्याचं रूप बदलतं, आणि ते नवं रूप डोपामिनच्या पेशी आपलंच समजून आत ओढून घेतात. आत गेल्यावर ते मायटोकाँड्रियाचं काम बंद पाडतं. घरच्या पाहुण्याचा वेष घेऊन चोरानं थेट स्वयंपाकघरात यावं आणि चूल विझवावी, तसं. आता पुढचं नीट ऐका. या विषारी रूपाला पूर्वी तणनाशक म्हणून अजमावलं गेलं होतं. नाव सायपरक्वाट. आणि रचनेनं त्याच्याशी साम्य असलेलं पॅराक्वाट आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत मिळतं.

सभागृहात थोडी चुळबुळ दिसते. माझे व्यवसायबंधूही बसलेत. त्यांचा आक्षेप मला माहीत आहे : जनुकांचं काय? बरोबर आहे. १९९७ मध्ये कंपवात असलेल्या इटालियन आणि ग्रीक वंशाच्या कुटुंबांत अल्फा-सायन्युक्लिनच्या जनुकातला दोष सापडला, नंतर आणखी जनुकं सापडली. ते मी नाकारत नाही. पण लँगस्टन यांनी १९८८ मध्ये उभारलेल्या पार्किन्सन्स इन्स्टिट्यूटच्या कॅरोलाइन टॅनर यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या हजारो जुळ्या सैनिकांचा अभ्यास केला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या आत आजार आला असेल तर जनुकांचा वाटा मोठा दिसला. पन्नाशीनंतर आलेल्या आजारात मात्र एकसारखी जुळी आणि साधी जुळी यांत फारसा फरक दिसला नाही. २०११ मध्ये आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनॉन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत कंपवाताची शक्यता सुमारे अडीचपट आढळली. यावरून प्रत्येक कंपवात फवारणीतूनच येतो, असं कुणी घरी जाऊन सांगू नका. मी तसं म्हटलेलं नाही. मी म्हणतो, विचारा.

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं उरलीत म्हणे. मग शस्त्रक्रियेचा भाग थोडक्यात उरकतो. एमपीटीपीनं गोठलेल्या माकडांवर महलोन डीलाँग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं की मेंदूतला सबथॅलॅमिक नावाचा एक छोटा भाग शांत केला की हालचाल परत येते. फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या बेनाबीद यांनी तिथे तार बसवून विद्युत स्पंदनं द्यायची पद्धत रुजवली. आज मुंबई-पुण्यात होणारी ‘डीबीएस’ ती हीच. म्हणजे ‘घेत काय होतात?’ या एका प्रश्नाचा धागा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचतो.

त्या सॅन होजेच्या रुग्णांचं काय झालं, हे पहिल्या रांगेतल्या आजी खुणेनं विचारताहेत. लेव्होडोपानं ते हलले, पण दुष्परिणामांनी लवकरच गाठलं. त्यांच्यासारख्या दोघांवर स्वीडनमधल्या लुंड इथे गर्भपेशींचं रोपण झालं आणि त्यांच्यात बरीच सुधारणा झाली. काही रुग्णांच्या मेंदूत, विष गेल्यावर अनेक वर्षांनीही, पेशी मरण्याची क्रिया चालूच असल्याचं १९९९ च्या निबंधात लँगस्टन यांनी दाखवलं. एकदाच्या विषाचा परिणाम इतका लांबतो, हे मला सर्वांत गंभीर वाटतं.

आता आपल्याकडे या. नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजच्या धुळीनं कंपवातासारखा आजार होतो, हे १८३७ पासून नोंदलेलं आहे, आणि कोट्झियासनंही लेव्होडोपाच्या आधी चिलीतल्या मँगनीज खाणकामगारांचा अभ्यास केला होता. यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. ती तत्काळची विषबाधा होती, कंपवात नव्हे. पण ज्यांच्या पाठीवर वर्षानुवर्षं पंप आहे, त्यांना वीस वर्षांनी काय होतं, हे आपण विचारत नाही. म्हातारपण म्हणतो आणि सोडून देतो. माझ्याकडे आलेला मुलगा वडिलांच्या रक्तदाबाची फाइल आणतो, एमआरआय आणतो. वडिलांनी आयुष्यभर बागेत काय फवारलं, हे त्यालाही आठवून सांगावं लागतं.

मी शेतीतल्या औषधांच्या विरोधात बोलत नाही. पीक वाचवायला हवं, हे मला कळतं. पण युरोपीय संघात २००७ पासून बंद असलेलं पॅराक्वाट आपल्याकडे उघड्या हातांनी कालवलं जावं, हे मला मान्य नाही.

दुसरी चिठ्ठी आली, तेव्हा थांबतो. जाता जाता तीन विनंत्या. घरात कुणाचा हात थरथरत असेल, चाल मंदावली असेल, तर वय झालं म्हणू नका, न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि न्याल तेव्हा एका कागदावर त्यांनी आयुष्यात केलेली कामं लिहून न्या : कुठल्या कारखान्यात, कुठल्या खाणीत, कुठल्या पिकावर, कुठलं औषध, किती वर्षं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तो कागद त्यांच्या पुढ्यात ठेवा.