ड्रेसिंगच्या टेबलाशी

मधुमेहात पायाची जखम महिनोन्महिने रेंगाळते. ती भरतेय की चिघळतेय हे कळावं म्हणून शेजारी मोजपट्टी धरून तिचा फोटो काढतात. रीत चांगलीच आहे. पण आधी "आजी, फोटो काढू का? तुमच्याच उपचारासाठी हवाय," एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? आणि हाच फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरला तर? चेहरा नसला तरी गोंदणावरून, केसपेपरवरच्या नावावरून माणूस कळतोच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार, ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय प्रसिद्ध करायला डॉक्टरांना मनाई आहे.

कमिशन घ्यायलाही त्याच नियमावलीत मनाई आहे. चांदीयुक्त महागडी पट्टी हवी की साधं ड्रेसिंग पुरेल, हे जखम बघून ठरवायचं, विक्रेत्याची डायरी बघून नव्हे.

चिकटलेलं गॉज सलाइननं भिजवून, हळूच सोडवावं. ओढून काढलं की रुग्ण कळवळतो, शिवाय नव्यानं धरलेला नाजूक लाल थरही निघून येतो. वास आला तरी नाक मुरडू नये. रुग्ण आपल्या तोंडाकडेच बघत असतो. आणि बोट काळं पडायला लागलं, तर "अजून दोन ड्रेसिंग करून बघू" म्हणत रुग्णाला थांबवून ठेवू नये. त्याच दिवशी सर्जनकडे पाठवावं.