नर्मदाकाठी वाचलेली तीन पुस्तकं

मी जबलपूरचा, ग्वारीघाटाजवळ राहणारा मराठी ख्रिस्ती वाचक. गेल्या काही महिन्यांत वाचलेल्या तीन पुस्तकांबद्दल आज बोलतो.

पहिलं अमृतलाल वेगड यांचं ‘सौंदर्य की नदी नर्मदा’. वेगड इथलेच, जन्म १९२८चा. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे चित्रकला शिकले आणि १९७७ साली, पन्नाशीला टेकताना, टप्प्याटप्प्यानं नर्मदाकाठानं चालायला निघाले. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. मी काही परिक्रमेला जाणार नाही. नदीची पूजा माझ्या श्रद्धेत बसत नाही. पण ही नदी देवानं घडवली आणि सुंदर घडवली, हे म्हणताना मला संकोच वाटत नाही. संध्याकाळी आरती सुरू झाली की मी जरा लांब पायरीवर बसतो. कुणी हटकत नाही.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. हे कितव्यांदा, मोजलेलं नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नारायण वामन टिळकांना एका सहप्रवाशानं नवा करार दिला. म्हणजे ही गोष्ट आमच्या जुन्या मध्य प्रांतातली! १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षं मला सगळ्यात मोठी वाटतात. नवरा गेला नाही, पण गेल्यासारखाच. त्या दुःखाबद्दलही ही बाई हसत हसत सांगते, आणि कुणाला खलनायक करत नाही. आमच्याकडच्या कितीतरी साक्षींमध्ये सोडलेलं घर अंधारं रंगवलेलं असतं. इथं तसं नाही. सोवळं पाळणारी माणसंसुद्धा जीव लावणारी आहेत.

‘क्रिस्तपुराण’ मात्र अडखळत वाचतोय. अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत, एवढ्यात संपणार नाहीत. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स १६१६ साली येशूची कथा मराठी ओवीत छापतो. परदेशी माणसानं इतकी मेहनत घेतली, आणि माझ्याच घरात मराठी थांबायच्या बेतात आहे. मुलीची शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. लिपी तीच असून! अक्षरं ओळखते, पण दोन ओळींनंतर पुस्तक मिटते.

वेगडांचं उदाहरण म्हणून महत्त्वाचं वाटतं. घरची भाषा गुजराती, गाव हिंदी. ते दोन्हींत लिहीत राहिले. गुजराती पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला.

सध्या रात्री जेवणानंतर मी ‘स्मृतिचित्रे’ मोठ्यानं वाचतो. मुलगी मोबाईल हातात धरूनच ऐकते. परवा मी मध्येच थांबलो, तर म्हणाली, “बाबा, मग लक्ष्मीबाई गेल्या का त्यांच्याकडे?”

मी सांगितलं नाही. पुस्तक तिच्या उशाशी ठेवलंय.