डॅन्यूबकाठचे यजमान आणि पाहुणे

(मंडळात दिलेल्या भाषणाचा सारांश)



इतिहास हा माझा बी. ए.चा विषय. पुढे सरकारी फायलींखाली तो दबला, परंतु त्याची ओढ सुटली नाही. त्या ओढीनेच आज आपणांस डॅन्यूब नदीच्या काठी नेत आहे.

सर्बियात ही नदी डोंगर भेदून अरुंद घळीतून वाहते. तेथे लेपेन्स्की वीर हे स्थळ आहे. धरणाच्या पाण्याखाली ते जाणार होते, म्हणून द्रागोस्लाव स्रेयोविच यांनी १९६५ ते १९७० या काळात तेथे उत्खनन केले. समलंब आकाराची घरे, चुन्याची टणक जमीन, मधोमध दगडी चूल आणि माशासारख्या तोंडाचे पाषाणातील मानवी चेहरे! ही वस्ती शेतीपूर्व मासेमारांची, असे स्रेयोविच यांचे मत होते.

पुढील कालमापनाने मात्र ही घरे मुख्यतः इ. स. पूर्व ६२०० ते ५९०० या काळातील ठरली. नेमक्या त्याच सुमारास गहू, जव आणि शेळ्यामेंढ्या घेऊन शेतकरी तेथवर पोहोचत होते. युरोपात शेतीची केवळ विद्या आली की माणसेही आली, हा वाद जुना आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासाने येथील काही सांगाडे अनातोलियाकडील शेतकऱ्यांच्या वंशाचे, तर काही मिश्र वंशाचे असल्याचे दाखविले. दातांच्या परीक्षणावरून बाहेरून आलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय दिसते. जुन्या रिवाजाने, नदीच्या प्रवाहाकडे डोके करून उताणी ठेवलेली प्रेते येथे आहेत. पाय पोटाशी घेतलेली, नव्या रिवाजाची प्रेतेही आहेत.

म्हणजे या गावात काही पिढ्या तरी मासळी आणि धान्य यांची सोयरीक जमली होती. पुढे ती घरे बांधणे थांबले. शेतकऱ्यांची रीत उरली. यजमानांची नदी मात्र पाहुण्यांनीही सोडली नाही.

धरण १९७२ मध्ये पुरे झाले. त्यापूर्वी ती घरे उचलून उंचावर मांडण्यात आली.

मित्रहो, आपणही या नगरीत बाहेरून आलेली माणसे आहोत. पन्नास वर्षांत आपण येथे काय आणले, याचा हिशेब या ग्रंथात आहेच. यजमानांकडून काय घेतले, याचाही हिशेब एकदा मांडावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.