राज्याच्या वेशीवर थांबणारा परवाना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामान्य नागरिकाला कपड्यांखाली, पर्समध्ये किंवा कमरेच्या पट्ट्याला भरलेले पिस्तूल कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा रीतीने बाळगून सार्वजनिक ठिकाणी वावरण्याची जी अनुज्ञा राज्य सरकार देते, तिला तिकडे ‘कन्सील्ड कॅरी परमिट’ म्हणतात. मराठीत तिला गुप्त शस्त्रवहनाचा परवाना म्हणता येईल. घरात बंदूक ठेवण्याचा हक्क आणि ती घेऊन रस्त्यावर हिंडण्याचा हक्क या अमेरिकी कायद्याने दीर्घकाळ दोन वेगळ्या गोष्टी मानल्या, आणि हा परवाना त्यांपैकी दुसरीशी संबंधित आहे. तो राज्य देते, त्याच्या अटी राज्य ठरवते, आणि म्हणून तो मुळात त्या राज्याच्या हद्दीपुरताच चालतो. परवानाधारक मात्र मोटारीने निघाला की दोन-तीन तासांत दुसऱ्या, कधी तिसऱ्या राज्यात पोहोचलेला असतो, आणि सकाळपर्यंत ज्याने कोणताही नियम मोडला नव्हता ते त्याच्या कमरेचे पिस्तूल एखाद्या पुलाच्या पलीकडच्या टोकाला फौजदारी खटल्यातील मुद्देमाल ठरू शकते.

भारतीय श्रोत्याला ही स्थिती चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके यांची स्वतंत्र नोंद आहे, त्यामुळे १९५९ चा शस्त्र अधिनियम हा देशभरासाठी एकच कायदा आहे. परवाना जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देत असले आणि तो कोणत्या क्षेत्रात चालेल हे त्या परवान्यावरच लिहिलेले असले, तरी महाराष्ट्रात जे कृत्य शस्त्र कायद्याने वैध आहे ते कर्नाटकात दुसऱ्याच कायद्याने तपासले जाईल असे घडत नाही. अमेरिकेत केंद्राकडे न सोपवलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात असे घटनेची दहावी दुरुस्तीच सांगते, आणि लोकांची सुरक्षितता व सार्वजनिक सुव्यवस्था ही प्रामुख्याने राज्यांची जबाबदारी समजली जाते. दुसरीकडे १७९१ पासून अमलात असलेली दुसरी दुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण देते. या दोन दुरुस्त्यांमधील ओढाताण जेथे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसते, ती जागा म्हणजे राज्याची सीमा.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हा हक्क व्यक्तीचा असल्याचे आणि त्यात स्वतःच्या घरी पिस्तूल ठेवणे येते हे मान्य केले, २०१० मध्ये तो राज्यांवरही बंधनकारक ठरवला, आणि २३ जून २०२२ रोजी न्यूयॉर्कविषयीच्या ‘ब्रूएन’ खटल्यात न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने तो घराबाहेर नेला. तोपर्यंत न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांत अर्जदाराला इतरांहून वेगळी अशी काही खास निकड दाखवावी लागे, आणि ती पटली नाही तर अधिकारी परवाना नाकारू शकत. ब्रूएनने ती पद्धत रद्द केली. वयाची, पूर्वेतिहासाची, प्रशिक्षणाची ठरलेली अट पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल, ही रीत आता सर्वत्र लागू झाली. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला परवान्याची गरजच नाही असे मानणारी राज्ये आहेत. व्हर्माँटमध्ये असा परवाना कधीच नव्हता, अलास्काने २००३ मध्ये व ॲरिझोनाने २०१० मध्ये त्याची सक्ती काढली, आणि २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या २९ झाली. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे: सक्ती काढलेल्या राज्यांपैकी बहुतेकांनी परवाना देणे मात्र चालू ठेवले, कारण घरच्या राज्यात निरुपयोगी झालेला तो कागद शेजारच्या राज्यात जाताना उपयोगी पडतो.

तो उपयोगी पडतो तो ‘परस्पर मान्यते’मुळे, म्हणजे एका राज्याचा परवाना दुसऱ्याने आपल्या हद्दीत ग्राह्य धरण्याच्या व्यवस्थेमुळे. अनेक परवानाधारकांच्या मनात वाहन चालवण्याच्या परवान्याची उपमा असते. तो परवाना कोणत्याही राज्यात चालतो, मग हा का चालू नये, असा त्यांचा सरळ तर्क असतो. परंतु वाहन परवान्याची देशभर चालणारी मान्यता ही सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या प्रथेतून आणि करारांतून आलेली आहे, आणि शस्त्राच्या बाबतीत तसे एकमत कधी झालेले नाही. काही राज्ये सर्वांचे परवाने मानतात, काही केवळ आपल्याइतके कडक निकष असणाऱ्यांचे मानतात, काही दुसऱ्या राज्याचा परवाना त्या राज्यातील रहिवाशाकडे असेल तरच मानतात, आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी व मेरीलँड कोणाचाही मानत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये तर गुंतागुंत आणखी खोल आहे, कारण त्या राज्यातील इतर भागांत मिळालेला परवाना वेगळी मंजुरी घेतल्याशिवाय न्यूयॉर्क शहरात चालत नाही.

ही मान्यता कायमचीही नसते. व्हर्जिनियाच्या ॲटर्नी जनरलने डिसेंबर २०१५ मध्ये २५ राज्यांचे परवाने यापुढे ग्राह्य धरले जाणार नाहीत असे जाहीर केले, आणि पुढच्याच महिन्यात गव्हर्नर व विधिमंडळ यांच्यातील तडजोडीने तो निर्णय फिरवला गेला. या काही आठवड्यांत परवानाधारकाच्या खिशातील कागद तोच होता. त्याचा अर्थ तेवढा दोनदा बदलला होता.

मायामीहून निघून मेन राज्यात कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारा पंचाण्णव क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग १५ राज्ये ओलांडतो. फ्लोरिडाचा परवानाधारक त्या मार्गाने उत्तरेकडे जाऊ लागला तर जॉर्जिया आणि कॅरोलिनांपर्यंत त्याला फारशी अडचण येत नाही, पण राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरापासून चित्र बदलते, आणि मेरीलँड, न्यू जर्सी, न्यूयॉर्क ही राज्ये त्याला परवाना नसलेला सशस्त्र इसम समजतात. न्यू जर्सीत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा असून ‘ग्रेव्ह्‌ज ॲक्ट’ या कायद्यानुसार त्याला किमान साडेतीन वर्षांचा, पॅरोलची सवलत नसलेला तुरुंगवास ठरवून दिलेला आहे. २०१३ मध्ये फिलाडेल्फियात राहणारी, दोन मुलांची आई असलेली एक महिला न्यू जर्सीत मोटार चालवत असताना वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून थांबवली गेली, आणि आपल्याजवळ पिस्तूल असून त्याचा पेनसिल्व्हेनियाचा परवानाही आहे असे तिने आपणहून पोलिसाला सांगितले. या सांगण्यामुळेच तिला अटक झाली. तिच्या पूर्वायुष्यात कोणताही गुन्हा नसताना तिच्यापुढे साडेतीन वर्षांच्या कैदेची शक्यता उभी राहिली. पुढे त्याच वर्गातील प्रकरणांसाठी राज्याच्या ॲटर्नी जनरलने २०१४ मध्ये सरकारी वकिलांना सुधारित सूचना दिल्या, तिला खटल्याऐवजी पर्यायी कार्यक्रमात घेतले गेले, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. गुन्हेगार आपल्याकडचे शस्त्र लपवतो आणि कायदा पाळू पाहणारा ते सांगतो, आणि शिक्षेचा भार मात्र सांगणाऱ्यावर पडतो, ही या व्यवस्थेतील सर्वांत बोचणारी उणीव मानली पाहिजे.

अशा प्रवाशासाठी केंद्राने काहीच केले नाही असे नाही. १९८६ च्या ‘फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट’मध्ये सुरक्षित मार्गक्रमणाचे एक कलम आहे: ज्या ठिकाणाहून निघायचे तेथे आणि जेथे पोहोचायचे तेथे शस्त्र बाळगणे वैध असेल, तर मधल्या राज्यांचे कायदे काहीही असले तरी ते सोबत नेता येते, मात्र पिस्तुलात काडतूस नसावे, पिस्तूल व काडतुसे दोन्ही बसल्या जागेवरून सहज हाताशी येणारी नसावीत, आणि मोटारीला स्वतंत्र डिकी नसेल तर ती कुलूपबंद पेटीत असावीत, डॅशबोर्डच्या किंवा दोन आसनांमधल्या खणात नव्हे. म्हणजे हे संरक्षण शस्त्र अंगावर वागवण्याचे नाही, सामान म्हणून नेण्याचे आहे, आणि हा भेद न कळल्याने पुष्कळजण फसतात.

शिवाय ते वाटेत मुक्काम पडला तर कितपत टिकते, याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत नाही. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचे न्यू जर्सीतील न्यूअर्क येथील पुढचे विमान चुकले, विमान कंपनीने सामान त्याच्या हाती दिले, आणि कुलूपबंद पेटीतील पिस्तुलासह त्याला रात्र हॉटेलात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या काउंटरवर नियमाप्रमाणे पिस्तुलाची नोंद करायला गेला असता त्याला अटक झाली. आरोप नंतर मागे घेतले गेले, पण त्याने नुकसानभरपाईसाठी केलेल्या दाव्यात २०१० मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने असे ठरवले की हॉटेलात पेटी त्याच्या हाताशी होती, म्हणून १९८६ च्या कलमाचे संरक्षण त्या रात्री त्याला नव्हते. सामान घेण्यापूर्वी त्याने ते विमानतळावरील पोलिसांकडे सोपवायला हवे होते, असेही न्यायालयाने सुचवले. शब्दशः पाहता निकाल चुकीचा म्हणता येत नाही. परंतु विमान चुकलेल्या माणसाला रात्री निवारा लागतो हे ज्या कायद्याच्या कर्त्यांना सुचले नाही, त्यांच्या विस्मरणाची किंमत प्रवाशाने तुरुंगात द्यावी हे न्याय्य नाही, आणि हे कलम दुरुस्त करण्याचे काम अमेरिकी काँग्रेसने पुढे ढकलत राहावे याला सबळ कारण दिसत नाही.

ज्या राज्यात परवाना मान्य आहे तेथेही नियम यजमान राज्याचेच लागू होतात. काही राज्यांत पोलिसाने थांबवताच शस्त्राची माहिती आपणहून देणे बंधनकारक आहे, काहींत विचारल्यावर; टेक्ससमध्ये दंडसंहितेच्या ठरावीक मजकुराची, इंग्रजी व स्पॅनिश भाषांतील, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांची पाटी दुकानाच्या दारावर असेल तर परवानाधारकालाही शस्त्रासह आत जाता येत नाही; न्यू जर्सीत दहापेक्षा अधिक काडतुसे मावणारे मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात काडतुसे भरण्याची पेटी, बेकायदा आहे, आणि लक्ष्यावर आदळताच पसरणाऱ्या पोकळ टोकाच्या गोळ्या घराबाहेर नेण्यावरही निर्बंध आहेत. केंद्राच्या कायद्याने शाळेपासून १,००० फुटांच्या आत शस्त्र नेण्यास मनाई आहे आणि त्यातील सवलत शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने परवाना दिलेल्या व्यक्तीला मिळते, त्यामुळे परस्पर मान्यतेने आलेला पाहुणा गावातील शाळेसमोरून गेला तरी अडचणीत येऊ शकतो. विमानप्रवासाचे नियम त्यामानाने सुटसुटीत आहेत: रिकामे शस्त्र, टणक कवचाची कुलूपबंद पेटी, काउंटरवर नोंद, आणि पेटी विमानाच्या पोटातील सामानात. तरीही २०२३ या एका वर्षात विमानतळांवरील तपासणीत हातातील सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या.

या विषयाचा मराठी माणसांशी असलेला संबंध दूरचा नाही, कारण न्यू जर्सीतील एडिसन, जर्सी सिटी आणि त्यांच्या आसपास मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि तेथून पेनसिल्व्हेनियात जाणे-येणे हा त्यांच्या नित्याचा भाग आहे. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडता, केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यासच मनाई आहे. ग्रीन कार्डधारकाला ती बाळगता येतात, परंतु शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास तो देशाबाहेर काढला जाण्यास पात्र होतो; अमेरिकी नागरिक ज्या चुकीसाठी दंड किंवा कैद भोगून घरी परततो, त्याच चुकीसाठी या माणसाचे घरच सुटू शकते.

सर्व राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असे सांगणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने ६ डिसेंबर २०१७ रोजी २३१ विरुद्ध १९८ मतांनी संमत केले, पण सिनेटने ते विचारात घेतले नाही; २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. त्याच्या विरोधकांचा आक्षेप वजनदार आहे. न्यूयॉर्क १६ तासांचे वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव मागते, आणि काही राज्ये काहीच मागत नाहीत. अशा वेळी सर्वांत सैल राज्याचा निकष सर्वांत दाट वस्तीच्या शहरावर लादला जाईल, आणि त्या शहराच्या मतदारांना त्यात काही म्हणणे उरणार नाही. आपली मापे ठरवण्याचा राज्याचा अधिकार मान्य करायचा, तर बाहेरून येणाऱ्याला त्या मापात बसून दाखवण्याची खरी संधी देणे हेही त्याच अधिकाराबरोबर आले पाहिजे.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये जवळपास याच रेषेवर दोन निकाल एकाच दिवशी दिले. दोन्ही प्रकरणांतील आरोपी शेजारच्या न्यू हॅम्पशरचे रहिवासी होते, जेथे २०१७ पासून गुप्त शस्त्रवहनाला परवाना लागत नाही. ऑगस्ट २०२२ पूर्वीचा मॅसॅच्युसेट्सचा कायदा परराज्यातील व्यक्तीला परवाना देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडत होता, म्हणून तो घटनाबाह्य ठरला. त्यानंतरचा सुधारित कायदा पात्र अर्जदाराला परवाना देणे बंधनकारक करतो, म्हणून तो टिकला; आणि न्यू हॅम्पशरच्या माणसाने सीमेपासून काही मैलांवर असलेल्या लोवेल शहरात पिस्तूल घेऊन यायचे असेल, तर आधी मॅसॅच्युसेट्सकडे अर्ज केला पाहिजे हे कायम राहिले.