घरातील राउटर : त्याची जागा आणि त्याची किल्ली

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या व्यासपीठावरून आपण नेहमी तालीम, शिष्यवृत्ती आणि परीक्षा यांविषयी ऐकत आलेले आहात. आज माझा विषय घरातील वायफायचा राउटर हा आहे. हा विषय वायरमनचा, त्याचे शिक्षण संस्थेच्या मेळाव्यात काय काम, असे काहींना वाटेल. परंतु मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा घरात आली, तेव्हापासून ही लहानशी पेटी वही-पेन्सिलीइतकीच शिक्षणाची वस्तू झालेली आहे. शिक्षकांनी पाठविलेला धडा, सीईटीचा अर्ज, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा फॉर्म, हे सर्व तिच्यातूनच घरात येते. असे असूनही बहुतेक घरांत ही पेटी कंपनीचा माणूस येऊन लावून जातो आणि पुढे वर्षानुवर्षे तिला कोणी हात लावीत नाही. ती कोठे लागली हे त्याच्या सोयीने ठरते आणि तिचा पासवर्डही त्यानेच दिलेला असतो. या दोन्ही गोष्टी घरच्यांनी आपल्या हाती घ्याव्यात, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही पेटी काय काम करते ते पाहू. आपल्या शहरातील माणसाला हे समजण्यास अडचण पडू नये. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले आणि पुढे त्याला पाणी पुरविण्यासाठी नहर बांधली. उत्तरेकडील डोंगरांतून पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर शहरात येई आणि हौदांतून वस्त्यांना मिळे. घरापर्यंत आलेली फायबरची केबल ही नहर समजा, आणि राउटर हा हौद समजा. नहरीला पाणी कमी आले तर हौद काही करू शकत नाही. पण नहर भरून वाहत असताना हौदच भलत्या ठिकाणी बांधला असेल, तर आतल्या माणसाचा घडा रिकामाच राहतो.

म्हणून नेट मंद चालते अशी तक्रार घरात झाली की दोष नहरीचा की हौदाचा हे आधी ठरवावे. त्याची रीत सोपी आहे. पेटीवरील दिवे पाहा. फायबरच्या पेटीवर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही. केबल कोठे तुटली आहे किंवा दारात, कपाटामागे फार वाकली आहे असे समजावे. फायबर म्हणजे काचेचा तंतू, त्याला तीव्र वळण दिले की आतील प्रकाश बाहेर निसटतो. दिवे ठीक असतील तर राउटरपासून दोन हातांवर बसून, शक्य असल्यास लॅपटॉपला केबल जोडून, वेग मोजावा. तेथे वेग पुरेसा आहे आणि आतल्या खोलीत नाही, तर कंपनीशी भांडून उपयोग नाही. दोष आपल्या घरातला आहे.

आता जागेविषयी. आपल्या जुन्या मोहल्ल्यांतील घरे आठवा. दगडी किंवा जाड विटांच्या भिंती, पुढे बैठक आणि मागे आतल्या खोल्या. केबल रस्त्याकडून येते, म्हणून राउटर बैठकीत, टीव्हीच्या मागे लागतो. बैठकीत पाहुणे आणि घरातील पुरुष मंडळी बसतात. मुलगी मात्र आतल्या खोलीत किंवा स्वयंपाकघराशेजारी बसून अभ्यास करते, आणि तिच्या मोबाइलवर तास मधेच अडकतो. नेटचे पैसे घर भरते, पण ज्या मुलीला त्याची सर्वांत अधिक गरज आहे तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही. पालकहो, राउटरची जागा ठरविताना केबल कोठून आली हे नंतर पाहा. घरात अभ्यास कोठे होतो हे आधी पाहा.

यामागील शास्त्र थोडक्यात सांगतो. आजचे बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरींवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूरवर जाते आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. परंतु तिचा वेग कमी, आणि शेजारच्या दहा घरांचे राउटर, ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह ओव्हन हे सर्व याच लहरीवर गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीला वेग आहे, गर्दी कमी आहे, पण जाड भिंत तिला अडविते. दगडी भिंतीपलीकडे अभ्यास होत असेल तर २.४ कामास येते आणि त्याच खोलीत बसावयाचे असेल तर ५ उत्तम. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्यामागे राउटर कधीही ठेवू नये, कारण धातू लहर परतवितो आणि पाणी ती शोषून घेते. घराच्या साधारण मध्यावर, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्या फळीवर तो ठेवावा.

घर दोन-तीन मजली असेल तर एका राउटरकडून सर्व घराची अपेक्षा करू नये. बाजारात मिळणारा स्वस्त रिपीटर भिंतीत खोचला की दिव्याची काडी वाढलेली दिसते, पण वेग बहुधा निम्म्यावर येतो, कारण तो एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो. त्यापेक्षा जिन्यातून नेटवर्कची केबल वर न्यावी आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावा. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि आपले कोणतेही घर तेवढे लांब नाही. वीज जाते त्या वेळी अभ्यास थांबू नये म्हणून राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरीचा बॅकअप घेतला तर तो खर्च वाया जात नाही.

आता किल्लीविषयी, आणि हा भाग मी अधिक गंभीरपणे सांगणार आहे.

वडीलधाऱ्यांना आठवत असेल की एके काळी घरात रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टातून लायसन काढावे लागे. वायफायसाठी तसे काही लागत नाही. जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि कोणालाही घरात राउटर लावण्याची मोकळीक मिळाली. लायसन गेले, पण जबाबदारी राहिली. जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच दारात चौकशी येते.

ती कशी येते हे आपल्या महाराष्ट्राने पाहिलेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईत सानपाड्याला एका परदेशी गृहस्थाच्या घरी पोहोचला. त्या घराचे वायफाय उघडे होते आणि कोणीतरी बाहेरून ते वापरले होते. त्या गृहस्थाचा कटाशी काही संबंध नव्हता, पण त्याच्या घरातील संगणक तपासले गेले आणि त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. पुढे ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये माटुंगा व चेंबूर येथील इतरांची वायफाय जोडणी अशाच कामासाठी वापरली गेली. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. निरपराध माणूसही अशा प्रसंगात किती दिवस हैराण होतो आणि आपल्या वस्तीतील घराला ते किती जड जाईल, हे या सभागृहात मी वेगळे सांगावयास नको. दोनशे पावले दूर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला आपल्या नावाने पत्र लिहू देणे म्हणजे उघडे वायफाय होय.

दुसरे उदाहरण जुलै २०१७ चे आहे. बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमवर एका घातक प्रोग्रामने हल्ला केला. ज्यांच्या मोडेमचा कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' हा पासवर्ड तसाच राहिला होता, ते मोडेम बळी पडले. कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. चोराने कुलूप फोडले नाही, कारण किल्ली कुलपालाच अडकवलेली होती.

म्हणून आज घरी गेल्यावर पुढील कामे करा. विद्यार्थी मित्रांनो, हे तुम्ही आई-वडिलांच्या शेजारी बसून करावे, एकट्याने नव्हे.

पहिले, राउटर उलटा करून खालचे लेबल वाचा. त्यावर वायफायचे नाव, पासवर्ड आणि एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकला की राउटरचे स्वतःचे पान उघडते.

दुसरे, येथे दोन वेगळे पासवर्ड आहेत हे ध्यानात घ्या. एक वायफायला जोडले जाण्याचा आणि दुसरा या पानात शिरण्याचा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा विसरतात. दोन्ही बदला, आणि दोन्ही निरनिराळे ठेवा.

तिसरे, वायफायच्या नावात आडनाव किंवा घर क्रमांक घालू नका. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३, आणि जुने मोबाइल असतील तर डब्ल्यूपीए-२ निवडा. डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ पासूनच फुटलेली आहे, ती दिसल्यास बंद करा. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा चालतो, पण आपण पंधरा तरी ठेवावा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडले की तो लक्षातही राहतो. मोबाइल नंबर, मुलाचे नाव, निकाहाची तारीख, हे गल्लीत सर्वांना ठाऊक असते.

चौथे, डब्ल्यूपीएस आणि बाहेरून नियंत्रण करण्याची सोय बंद करा. राउटरचे सॉफ्टवेअर नवे करण्याचे बटण असेल तर ते दाबा.

पाचवे, मागच्या बारीक छिद्रातील रिसेटचे बटण गंमत म्हणून दाबू नका. त्याने कंपनीने घातलेली माहितीही पुसली जाते आणि नेट बंद पडते. ही सर्व माहिती, कंपनीने दिलेल्या यूजर नावासह, एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही घरातील आईच्या किंवा मोठ्या मुलीच्या ताब्यात द्या. जी घरात असते तिलाच गरज पडते.

आता आपण विचाराल, शेजाऱ्याचे काय? आपल्या दीनमध्ये शेजाऱ्याचा हक्क मोठा आहे. समोरच्या घरातील मुलाकडे नेट नाही आणि परीक्षा तोंडावर आहे, तर आपण दार बंद करून बसावे काय? मुळीच नाही. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय काढता येते. त्याचा पासवर्ड वेगळा असतो आणि त्यावरून घरातील इतर मोबाइल-संगणकांपर्यंत पोहोचता येत नाही. ज्याला आपण ओळखतो त्याला तो द्यावा आणि परीक्षा संपली की बदलावा. त्याहून चांगले म्हणजे त्या मुलाला घरात बोलावून अभ्यासाला बसवावे. परवानगी घेतल्याखेरीज आणि सलाम केल्याखेरीज दुसऱ्याच्या घरात शिरू नये, ही सूरह नूरमधील शिकवण आपण मुलांना देतोच. शेजाऱ्याचा पासवर्ड फोडणाऱ्या मुलाला हुशार म्हणून शाबासकी देणाऱ्या पालकांनीही ती आठवावी.

शेवटी एक गोष्ट. राउटरच्या पानावर अमुक मोबाइलला रात्री अकरानंतर नेट बंद, अशी वेळ लावता येते. ती अवश्य लावा, पण मुलांना सांगून लावा, आणि वडिलांच्या मोबाइललाही लावा. वडील मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहत असतील तर मुलाला लावलेला नियम फार दिवस टिकत नाही.

येत्या रविवारी एक तास काढा. अभ्यास जेथे होतो तेथे बसून वेग मोजा, राउटरची जागा बदला, दोन पासवर्ड बदला आणि वही लिहा. हे काम ज्या विद्यार्थ्यांना जमले त्यांनी आपल्या गल्लीतील एखाद्या वृद्ध किंवा विधवा भगिनीच्या घरी जाऊन, तिच्या समोर बसून, तिच्या राउटरचेही करून द्यावे. तिचा पासवर्ड तिलाच टाकू द्यावा आणि आपण मान दुसरीकडे वळवावी. शिक्षणाबरोबर सभ्यताही आली आहे, हे त्यावरून दिसेल.