दुपारचे वाचन



माझे शिक्षण सातवीपर्यंत, म्हणून पुस्तक सुचवायला संकोच वाटतो. पण ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक शाळेतही गेल्या नव्हत्या. वाचायला त्यांना यजमानांनी शिकवले. पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत वाचून एका दुपारी मी एकटीच हसत सुटले. सासूबाईंनी आतून विचारले, “काय गं, बरी आहेस ना?” तेव्हापासून मी मोठ्याने वाचू लागले आणि त्या तांदूळ निवडत ऐकू लागल्या.

२०२१ च्या जुलैत महाडात पूर आला, त्यात ही प्रत भिजली. पाऊस उघडल्यावर पाने वाळवली. काही चिकटली ती चिकटलीच. सध्या ती पोलादपूरला नणंदेकडे आहे. परत आली की ज्यांना हवी त्यांनी न्यावी. मात्र बोट ओले करून पान उलटू नका.