डॉक्टरेट झाली, आता नोकरी कुठली?

(वर्धापनदिनी दीपनगर येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणीत साचे चालवलेली माणसं. शेअरबाजारावर आम्ही काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण आपली पोरं आता एम.एस्सी.च्याही पुढं गेली. 1990 साली जळगावला विद्यापीठ झालं, घरची भाकरी खाऊन पीएच.डी. करता येऊ लागली. मात्र फिजिक्सची डॉक्टरेट हातात पडते तेव्हा पोरगा तिशीला टेकलेला असतो. प्राध्यापकी मिळते ती तासिकेवर. मग तो म्हणतो, मुंबईला बँकेत आकडेमोडीचं काम बघतो. बाप म्हणतो, 'एवढं शिकून सट्टा खेळणार का?'

सट्टा नव्हे, बाबांनो. लोकांचा पैसा गुंतवलेला असतो. उद्या भाव पडला तर किती बुडेल, याचा हिशेब आधी मांडायचा, असं ते काम आहे. 1973 साली ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शन नावाच्या सौद्याची किंमत काढायचं समीकरण मांडलं. ते उलगडलं की उष्णता लोखंडातून कशी पसरते त्याचंच समीकरण निघतं. बॉयलरवर काम केलेल्यांना हे चटकन उमगेल. म्हणून तर परदेशी बँकांनी फिजिक्सवाले घेतले.

आणि या वाटेवर आपला माणूस फार आधी जाऊन आलेला आहे. 1917 साली बाबासाहेब लंडनचं शिक्षण अर्धवट ठेवून परतले. बडोद्याची नोकरी अपमानापायी सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचं थांबलं. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस! नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगारातून शिल्लक टाकून, काही उसने घेऊन 1920 साली पुन्हा लंडन गाठलं, आणि 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळवली.

आज जात उघड विचारत नाहीत, आडनाव विचारतात, वडील काय करतात विचारतात. सांगावं, गिरणीत होते.

पण नुसत्या पदवीवर कोणी घेत नाही, हेही ऐका. संभाव्यता, सांख्यिकी आणि पायथनसारखी एखादी संगणकाची भाषा पक्की हवी. बाजारभावाचे जुने आकडे घेऊन स्वतः केलेलं एखादं काम दाखवता आलं पाहिजे. तिथं प्रबंधाची जाडी कोणी मोजत नाही. पहिली जागा बी.टेक. झालेल्या पोराच्या हाताखालची मिळाली तरी घ्यावी. गणित-सांख्यिकीवाल्यांनी रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी विभागाची जाहिरात बघत राहावी. विम्याच्या गणिताची अ‍ॅक्चुअरीची परीक्षा नोकरी करता करताही देता येते. 'नोकरीची हमी' म्हणून लाख-दीड लाख मागणाऱ्या क्लासला मात्र आईची पोत मोडू नका.

घरच्यांनी वर्षभर तरी पगाराचा विषय काढू नये. विहाराच्या मागची खोली रात्री रिकामीच असते. तिथं दोन संगणक ठेवावेत असं आम्ही समितीला सुचवलं आहे. पंखा तेवढा आधी दुरुस्त करावा लागेल.

जय भीम!